सीट बनवणाऱ्याचा फोन

शिरवळ ओलांडताना मृण्मयीच्या कानातला फोन वाजला. दोनशे किलोमीटरच्या राइडमधले एकशे चाळीस अजून बाकी होते. सायकलच्या सीटपायी ही राइड तिने तीनदा अर्ध्यात सोडली होती.

"ताई, मी इंद्रजित फाळके. तुमची सीट मी डिझाइन केलीय. जरा उतरता का?"

वस्तू वापरताना होणारं दुखणं ती बनवणाऱ्याच्या अंगातही पोचवायचा कायदा झाल्यापासून चप्पल कंपन्यांचे मालक लंगडत होते आणि फाळके उभ्यानेच जेवत होता.

"मी तक्रार केली तेव्हा तुम्हीच म्हणालात, सवय होईल."

"तेव्हा सीट फक्त पुरुषांवर तपासली होती, ताई. ऑफिसात सायकलवाले तेवढेच होते. आता मागे रुंद, मधे पोकळ अशी नवी केलीय. ती घेऊन गाडीत पालथा पडून येतोय. तोवर थांबा."

"थांबले तर वेळेत पोचणार नाही."

"बरं. मग गाठतो तुम्हाला."

समोर गतिरोधक आला. मृण्मयी पेडलवर उभी राहिली.

"थँक्यू, ताई," फाळकेने श्वास सोडला.

"सवय लावून घेऊ नका," म्हणत ती पुन्हा बसली.

पलीकडून "आई गं" ऐकू आलं.