आडदिवशीची पूजा

"झाकण लावलं की फळी अडकते, ताई. शाळेची बाकं आज जायचीत," म्हणत भिकूमिस्त्रींनी करवतीच्या मशीनचं पात्यावरचं झाकण काढून कोपऱ्यात ठेवलं. त्यांच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. तो याच मशीनने नेला होता.

वडील गेल्यावर सुलभाने कारखाना हाती घेतला. लाकूड कुठून आणायचं, भाव कसा सांगायचा, हे ती शिकली होती. मिस्त्रींना नाही कसं म्हणायचं, तेवढं राहिलं होतं.

"झाकण लावा, काका."

"तुमचे वडील कधी बोलले नाहीत," म्हणत मिस्त्रींनी फळी उचलली.

सुलभा बाहेर जाऊन झेंडूचा हार घेऊन आली. मशीन बंद करून तिने हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला.

"हे काय? खंडेनवमी लांब आहे अजून!"

"असू दे."

पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे मिस्त्रींनीच वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावलं होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि ते चहाला निघून गेले. बाकं गेली नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांची बोलणी सुलभाने फोनवर उभ्याने ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा मिस्त्री मशीनवर झाकण बसवत होते.

"आज हार आणलात का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पिशवीत आहे."

मिस्त्रींनी शेवटचा स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला.