एकेचाळिसावी रोटी

तेल कंपनीचा बिल्ला छातीवर तसाच ठेवून पेशरव दारात उभा राहिला. ताव्गाने बापाला बोलावलंच नव्हतं.

सुलेमानिया शहरातल्या जुन्या तंबाखू कारखान्यात तिचं प्रदर्शन भरलं होतं. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत जमिनीवर चाळीस रोट्या मांडलेल्या, सगळ्या डांबराच्या. भिंतीवर तिच्या घरच्या शेताचा फोटो. गव्हाच्या जागी तेलविहिरीची ज्वाळा. पाटीवर लिहिलं होतं, 'रोट्यांवरून चालत या.' शहरातली माणसं आधी बिचकत, पाटी वाचत आणि मग पाय ठेवत.

रोख कोणावर होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कंपनीने शेताला कुंपण घातलं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर बसलं होतं. आठवड्याभरात पेशरव त्याच कुंपणाचा राखणदार झाला. त्या दिवशी ताव्गाने घर सोडलं. तीन वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. आणि आज हा माणूस ओठ हलवत, एकेक अक्षर लावत तिची पाटी वाचत होता. आता हा पाय आपटत निघून जाणार, उरलासुरला धागाही तुटणार. तोडायचा तर तिलाच होता. पण आता तिला ते नको नको झालं.

पेशरव वाकला. पहिली रोटी त्याने उचलली, ओठांना लावली, कपाळाला टेकवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. खाली पडलेल्या रोटीचं त्यांच्याकडे कुणीही हेच करतं. मग दुसरी उचलली. मग तिसरी. पाय ठेवून गेलेली माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. एक म्हातारी पुढे झाली आणि तीही उचलू लागली.

"बाबा, डांबराच्या आहेत त्या," ताव्गा कशीबशी म्हणाली.

"म्हातारा झालोय, आंधळा नाही. आपल्याच शेतातलं ना हे डांबर?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग रोटीच ती."

ताव्गाचा जीव भांड्यात पडला. बघता बघता जमीन मोकळी झाली. पेशरवने कमरेच्या पटक्यातून एक फडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. आत एक खरी रोटी होती, कडेला जराशी करपलेली.

"घे. घरची आहे."

"पीठ बाजारचंच ना?" तिने टोचलंच. सवय ती.

"टोमणे मारायची खोड काही गेली नाही तुझी." पेशरवने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चौकीच्या मागे, कुंपणाच्या आत, गव्हाचे दोन पट्टे पेरतो मी. तीन वर्षं झाली. राखणदारच मी, मला हटकणार कोण?"