दोघींच्या गुडघ्यावरचं फडकं

"ही मी," पाहुणी म्हणाली आणि तिनं फोटोतल्या उजवीकडच्या पोरीवर बोट ठेवलं. "आणि ही तू, रडकी."

ताइवो हसली. कापड रंगवून रंगवून कोपरापर्यंत निळे झालेल्या हातांनी तिनं फोटो जवळ ओढला. पन्नाशी उलटल्यावर जुळी बहीण दारात उभी राहिली होती.

फोटोत एका बाकावर दोन पोरी. सारखे झगे, दोघींचे पुढचे दात पडलेले, दोघींच्या डाव्या गुडघ्याला फडकं.

"हे फडकं कसलं गं?" ताइवोनं विचारलं.

"विसरलीस? विहिरीपाशी तू पडलीस. तुला उचलायला गेले, तर मीपण आपटले. आईनं एकच धडुतं फाडून दोघींना बांधलं."

पडलेलं ताइवोला आठवत होतं. बहीण आठवत नव्हती. फोटोवाल्यानं आपल्याला बाकावर इकडून तिकडं सरकवलं, तेवढं आठवत होतं. बहिणीला, केहिंदेला, जागा करायला असेल.

"आधी तू जन्मलीस, पण मोठी मीच," पाहुणी म्हणाली. "जग कसं आहे ते बघायला तुला पुढं धाडलं होतं. तू सांगायला परत आलीच नाहीस."

जुळ्यांची ही गोष्ट तर इथलं, अबेओकुटातलं, शेंबडं पोरही सांगेल. पण भुकेल्याला शिळंही गोड लागतं, आणि ताइवो बहिणीची भुकेली होती. "केहिंदे लागोसला गेलीय," एवढंच आई जन्मभर सांगत आली. जुळ्यातलं एक मेलं तरी लोक असंच म्हणतात. 'मेलं' म्हटलं की उरलेलंही जातं म्हणे. म्हणून कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, सगळ्या गावानं तोंड शिवून बसायचं. ताइवोनंही कधी विचारलं नाही. तिच्याकडं फोटो होता ना. मेलेली पोर फोटोला बसते होय?

"बाबांचं अर्धं घर तुझं," ती म्हणाली. "उद्या वकिलाकडं जाऊ. पुढची खोली आजच घे."

तिनं कमरेची किल्ली सोडली.

कोपऱ्यात आई चवळी निवडत होती. जुळ्यांच्या नावानं रांधायची, नेहमीसारखी दोन ताटल्या भरतील एवढी.

"किल्ली ठेव," आई म्हणाली.

"का? पोटची लेक आली, तर दगडासारखी बसलीयस."

"तोंड उघडलं तर तूही जाशील, या भीतीनं आजवर गिळलं. आता गिळवत नाही." म्हातारीनं फोटो ओढून घेतला. "ही डावीकडची कोण?"

"मी."

"आणि ही?"

"केहिंदे," दोघी एकदम म्हणाल्या.

"केहिंदे रांगायच्या आधीच मेली." म्हातारीनं तो शब्द उच्चारला. "घरात तिचा एक फोटो असावा म्हणून मी त्या बाकावर तुला दोनदा बसवलं, फोटोवाल्यानं दोन्ही एकात छापले. ही तू. आणि ही पण तूच."