बाहेरून कडी

"मुलं वर्गात का थांबत नाहीत?" पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या कार्यशाळेत विचारलं. हजेरीच्या सह्या करून पळणारे प्राध्यापक फार, म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांनी शिपायाला सभागृहाची कडी बाहेरून घालायला लावली होती.

प्राणिशास्त्राच्या राजश्री मॅडम तडक दाराशी गेल्या.

"माझी मुलं मिरकरवाडा बंदरावरून ताजी म्हाकुलं घेऊन केव्हाची स्क्विडच्या प्रॅक्टिकलला बसलीत. वर्गात मीच नाही. दार उघडा!"

"मॅडम, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या," तज्ज्ञ म्हणाले.

"कडी निघू दे, उत्तर तुम्हाला बसल्या जागी दिसेल."

आणि त्या दार बडवत राहिल्या. शेवटी घाबरून शिपायाने कडी काढली.

 

मॅडमच्या मागोमाग आम्ही सगळे बाहेर पडलो. प्राचार्यांसकट.