चिमूटभर साखर

“वजन किती आहे कुत्रीचं?” जनावरांच्या डॉक्टरांनी फोनच्या स्पीकरवर विचारलं.

शिंपी गडबडला. माणसाची छाती-कंबर तो नुसत्या नजरेने सांगायचा, पण गुंडीला कधी तोललं नव्हतं. “आमच्या इस्त्रीपेक्षा हलकीच आहे हो,” तो म्हणाला. “शर्टाच्या बाहीत मावते.”

“आणि शेवटचं खाल्लं कधी?”

शिंप्याने बायकोकडे बघितलं. ती चिंध्यांच्या ढिगाशेजारी फतकल मारून बसली होती आणि तिच्या मांडीवर गुंडी थरथरत होती. मघाशी गुंडी टोपलीतून उठली ती दारू प्यायल्यासारखी चार पावलं चालली, मशीनच्या पायाला धडकली आणि आडवी झाली.

“काल सकाळी,” बायकोनेच मोठ्याने सांगितलं. “दोनदा ओकली, म्हणून लंघन दिलं. पोट बिघडलं की आम्ही माणसांनासुद्धा लंघनच देतो.”

डॉक्टर घाईने बोलू लागले.

“ताई, एवढ्याशा जिवाला लंघन नसतं हो. तुमच्याआमच्या अंगात चार दिवसांची शिदोरी असते, तिच्या अंगात एका वेळचीही नसते. रक्तातली साखर उतरलीय तिची. आधी चिमूटभर साखर ओली करून हिरड्यांना चोळा. घशात काही ओतू नका, ठसका लागेल. उबेत धरा आणि मग घेऊन या. पण आधी साखर. तशीच घेऊन निघालात तर वाटेतच जाईल.”

फोन बंद झाला आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या घरात साखर नव्हती.

मधुमेहापायी शिंप्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, त्या दिवशी बायकोने साखरेचा डबा, गूळ, मधाची बाटली, सगळं घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा. पाहुणे हळूहळू यायचे थांबले, तर तिने त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. “आमच्याकडे मुंगीसुद्धा फिरकत नाही,” असं ती मान ताठ करून सांगायची. नवऱ्याला तिने डोळ्यांत तेल घालून जपलं होतं.

शिंपी लंगडत मशीनपाशी गेला. खणात, रिळांच्या खाली, त्याची पत्र्याची डबी होती. बायको भाजी आणायला गेली की त्यातली पेपरमिंटची एक गोळी त्याच्या गालात जायची. चोरी उघडी पडणार, तर पडू दे. त्याला उलट हायसं वाटलं. जन्मात केलेली एकुलती एक लबाडी आज कामी येणार होती.

त्याने डबी उघडली. आत बटणं होती. पांढरी, चार भोकांची.

“परवाच सापडल्या मला,” बायको मान खाली घालून म्हणाली. “गटारात टाकल्या. तोंडावर बोलले नाही तुम्हाला. म्हटलं, उघडाल तेव्हा कळेल.”

“बरं, मग आता तू पळ खालच्या चहावाल्याकडे. माझ्या या पायाने कधी पोचणार मी?”

“ती माझ्याकडेच बघतेय हो. तिला खाली कशी ठेवू? तुम्हीच जा.”

शिंपी गेला. शेजारच्या दाराला कुलूप होतं, समोरच्याही. कठड्याला धरून तो जिने उतरला. चहावाल्याने त्याला बघून दात काढले.

“साखर? काय मास्तर, वहिनींनी घराबाहेर काढलं की काय?”

शिंप्याने साखरेच्या बरणीत हात घातला, मूठ भरली आणि वळला. परत येताना त्याचा एक पाय पळत होता आणि दुसरा मागून ओढला जात होता. घामाने मुठीतली साखर चिकट झाली, तरी त्याने मूठ सैल केली नाही.

तो दारात पोचला तेव्हा गुंडीची थरथर थांबली होती. त्याला बरं वाटलं, अगदी पळभर.

बायकोने ओलं बोट साखरेत बुडवलं आणि गुंडीच्या हिरड्यांना चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मग जोरात चोळू लागली. साखर तिच्या लुगड्यावर सांडली, फरशीवर सांडली. गुंडीची जीभ हलली नाही.

“अगं, पुरे आता.”

“मी उपाशी मारली हो तिला.”

“तुला काय माहीत होतं,” शिंपी म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला. त्याला संताप आला होता, बटणांचा, जिन्याचा, स्वतःच्या पायाचा. तिचाही आला होता. पण तो काढायचा कोणावर? जिने कुत्रीला लंघन दिलं तिनेच त्याला जिवंत ठेवलं होतं.

खिडकीतलं ऊन मशीनवरून उतरून फरशीवर आलं. शिवायला आलेले कपडे तसेच पडून होते. बायकोने गुंडीला खाली ठेवलं नाही.

भिंतीच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली. साखरेपाशी थांबली, मागे फिरली. थोड्या वेळाने रांग लागली.

शिंपी सवयीने उठला आणि त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला.

“राहू द्या हो,” बायको म्हणाली. “त्यांना तरी खाऊ द्या.”