टकटक

"सगळा माल आज पहाटेचा आहे, दादा. देवाशपथ!" मासेवाली म्हणाली.

"शपथ तुम्ही घेताय ताई, पण उत्तर यांनी द्यायचंय," म्हणत हॉटेलच्या आचाऱ्याने टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. आतल्या बर्फाचा गारवा त्याच्या हातांना झोंबला. काही शिंपल्या, झोपेत तोंड उघडं राहावं तशा, उघड्या पडल्या होत्या. अशा प्रत्येकीवर तो नखाने टकटक करायचा आणि वाट बघायचा. मिटली तर ठेवायची, उघडीच राहिली तर कचऱ्यात.

"किती वेळ लावता हो!"

"जरा थांबा. जिवंत असेल तर चिडून दार लावून घेतेच ती."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हाही हातांना समुद्राचा वास होता. बायको वारल्यापासून लेकीच्या खोलीचं दार सताड उघडं असायचं, आणि आत ती छताकडे बघत पडलेली. कुणी काही बोललं तरी हूं की चूं नाही. त्याने रोजच्यासारखी चौकटीवर टकटक केली.

"चिमणे, जेवायला येतेस?"

तो तिथेच वाट बघत राहिला. मग पुन्हा टकटक केली.

"बाबा, किती छळता! नकोय मला काही!" ती ताडकन उठली आणि तिने त्याच्या तोंडावर धाडकन दार लावून घेतलं.

आचाऱ्याने बंद दारावर कपाळ टेकलं. मग डोळे पुसत, हसत, तो दोन पानं वाढायला गेला.