बर्फातला उणे तीन

थर्मासमधल्या बर्फात बुडवलेल्या सेन्सरने शून्य अंश दाखवायला हवं होतं. सकाळपासून तो इमानेइतबारे दाखवतही होता. पण दुपारचे चार वाजून गेले आणि स्क्रीनवरचा आकडा घसरत घसरत उणे तीनवर जाऊन बसला. सलग तिसऱ्या दिवशी, त्याच वेळी!

ऋजुताने कपाळावर हात मारला. सेन्सर बदलून झाला, वायरी बदलून झाल्या, आकडे नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा डबा दोनदा उघडून झाला. उद्या तपासणी होती. तपासायला येणाऱ्यांसमोर आकडा असाच घसरला, तर तीन महिन्यांच्या चाचण्यांवर बोळा फिरणार होता.

"मॅडम, चहा ठेवलाय. आज तरी गरम घ्या," लॅबचे शिपाई भालेकरकाका दारातून म्हणाले.

तिने वळून पाहिलं. वाफाळता स्टीलचा पेला लॉगरच्या झाकणावर होता. खाली, अगदी त्याच जागी, सेन्सरच्या वायरी जोडल्या होत्या. तो जोड तापला की आकडा चुकतो, हे तर तिनेच नव्या मुलांना शिकवलं होतं.

"काका, रोज इथेच ठेवता?"

"तपासणी ठरल्यापासून तुम्ही चहा विसरताय. डबा कोमट असतो, म्हटलं तेवढाच गरम राहील. काही चुकलं का माझं?"

"तुमचं? छे!"

पेला उचलून ती घोट घोट चहा पीत स्क्रीनकडे बघत राहिली. पेला रिकामा झाला, थोड्याच वेळात आकडा गुमान शून्यावर आला.

मग तिने अहवालात लिहिलं, 'चूक माझी. उपाय : चहा आला की लगेच पिणे.'